ट्रिम्बलांच्या घराचा करार

"आणि बायकोची सही?" व्हर्नेटाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

टोलेडोतल्या ज्या कचेरीत घरांचे व्यवहार पुरे होतात, तिथे ती तीस वर्षं कागद तपासते. माझा हा पहिलाच करार. शाळेची बस चालवून कंबर गेली, म्हणून मी हा धंदा धरला. विकायच्या घराचा मालकाशी करार करायचा आणि घर न घेता तो करारच दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोपवून मधला मेहनताना घ्यायचा. सोपवण्याच्या हक्काचं कलम तर मी तोंडपाठ केलं होतं.

"घर एकट्या मिस्टर ट्रिम्बलांच्या नावावर आहे," मी ऐटीत म्हणाले.

"असेना. ओहायोत नावावर नसलं तरी बायकोचा हक्क असतो. तिच्या सहीशिवाय हे कागद चुलीत घाल, ओडेसा."

शेजारी बसलेले मिस्टर ट्रिम्बल खाली बघत म्हणाले, "यूनिस मला सोडून लायमाला गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली."

"घटस्फोट?"

"ते राहूनच गेलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी त्यांना हे विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नव्हता. जॉर्जियात बहिणीने त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती आणि गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंतच थांबणार होतं.

बसची नोकरी अजून सुटली नव्हती; दुसऱ्या दिवशी तिथे रजा टाकून मी त्यांना लायमाला नेलं. यूनिसबाईंनी दार उघडलं.

"हॉबर्ट! किती वाळलास रे! आणि ही कोण?"

मी काहीच लपवलं नाही. घर मी घेणार नाही, करार दुसऱ्याला सोपवणार, त्यात माझी कमाई आहे, घर मोडकळीला आलंय म्हणून भाव कमी आहे. हवं तर आधी वकिलाला दाखवा, हेही सांगितलं.

"एवढं खरं बोलतेस म्हणजे धंद्यात नवीनच दिसतेस," बाई हसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "मी सही नाही केली तर?"

"तर आहे तिथेच राहीन. तुझा हक्क आहे, यूनिस. तुझी मर्जी."

बाईंनी कॉफी ठेवली आणि अख्खा करार ओळ न् ओळ वाचला. एवढा वेळ मी जीव मुठीत धरून बसले होते. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, यूनिस ट्रिम्बल.

"अजून ट्रिम्बलच?" म्हातारा हळूच म्हणाला.

"मग? बदलायचे कागद तू कधी पाठवलेस?"

परतताना मी खुशीत होते. पहिला करार मार्गी लागला होता, तोही कुणाला न फसवता. टोलेडो जवळ आलं तेव्हा मिस्टर ट्रिम्बलांनी घसा खाकरला.

"ओडेसा, याची एक प्रत मिळेल का मला?"

"अख्ख्या कराराची मिळेल की. तुमचा हक्कच आहे तो."

"अख्खा नको गं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सह्यांचं पान तेवढं."