संत फ्लोरियानचा लाल रंग

"बंद कर! बंद कर ते इंजिन!"

बॉनेटखाली वाकलेला आमचा मेकॅनिक श्पिरोकाका ओरडला, तशी मी चावी फिरवली. बॅटऱ्या रटरटत होत्या, सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. चोवीस व्होल्टचा ट्रक, आणि काटा बत्तीसवर!

समोर डोंगर पेटलेला. वरच्या वाडीत माझा भाऊ झ्वाने आणि अंथरुणाला खिळलेली आमची आई. आमच्या अग्निशामक मंडळाकडे गाडी ही एकच, सैन्याने मोडीत काढलेली. मेलीला आजच रुसायचं होतं.

"तशीच नेते," मी म्हटलं.

"ने की! अर्ध्या वाटेत बॅटरी फुटेल. मग आईला कोण आणणार, तुझं भूत?"

"मग चार्जिंग करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टाच काढून टाक!"

"त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पंप आहे, बाई. चढणीला जाम होईल."

मे महिन्यापासून गाडीचे बल्ब जळून जात होते. चार्जिंगला आवर घालणारा रेग्युलेटर काकाने कालच नवा बसवला होता, तरी तेच. धूर खाली उतरायला लागला.

"नवाही ऐकत नाही," काका पुटपुटला, "म्हणजे याला व्होल्टेज खरं कळतच नाहीये." त्याने तारेचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला बांधलं. "चालू कर. बेताने!"

दुसरं टोक त्याने रेग्युलेटरच्या अंगाला टेकवलं. काटा सरसर अठ्ठावीसवर आला, चार्जिंगला हवा तिथेच. तार उचलली, पुन्हा वर.

"अर्थिंगच नाही गं!" इंजिन बंद करवून त्याने रेग्युलेटर सोडवला. खाली, केबिनच्या पत्र्यावर, लाल रंगाचा जाड थर, बोल्टच्या भोकांसकट; त्यातून वीज जाणार कुठून! आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियानच्या सणाला, मे महिन्यात, पाद्री गाडीवर तीर्थ शिंपडतो, म्हणून आम्ही दरवर्षी तिला नवरीसारखी रंगवतो.

"यंदा केबिन कुणी रंगवली?"

मी डोंगराकडे बघितलं. "झ्वानेनं."

काकाने एक सणसणीत शिवी हासडली आणि पटाशीने पत्रा पांढरा होईस्तोवर खरवडला. रेग्युलेटर परत बसवून बोल्ट आवळले. मी इंजिन चालू केलं, काटा अठ्ठावीसवर थांबला, आणि मी गिअर टाकला.

वाडीच्या वळणावर झ्वाने भेटला, आईला पाठीवर घेऊन, तोंड काजळीने माखलेलं. आम्ही आईला आत घेतलं. तो चढला, धापा टाकत पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अगं, रंग कुणी खरवडला?"

मी त्याच्या एक कानाखाली ठेवून दिली, आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडले.