काचेवरचं कुंकू

वैजनाथच्या घरातल्या जुन्या डबा टीव्हीच्या काचेवर मधोमध एक तांबूस डाग होता, तो काही केल्या जात नव्हता. दर मंगळवारी केबलवर माहूरच्या रेणुकेची आरती लागली की त्याची आई साखराबाई भिंतीला धरून उठायची आणि पडद्यावरच्या देवीला कुंकू लावायची. नवरा गेल्यापासून तिचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं, देवीचं मात्र एकदाही राहिलं नाही. संध्याकाळी वैजनाथची बायको शिल्पा ती काच पुसायची.

आईला माहूरला नेतो, हे वैजनाथ दहा वर्षं म्हणत होता. पण नवरात्र आलं की सोयाबीन काढणीला यायचं, आणि ते निघालं की हरभऱ्याची पेरणी. आता म्हातारीचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, आणि "पुढच्या साली नक्की" म्हणायचीही त्याला लाज वाटू लागली. म्हणून त्यानं पळवाट काढली. पळवाटच ती, दुसरं काय म्हणायचं! एचडी टीव्ही घेऊ, म्हणजे देवी घरबसल्या स्वच्छ दिसेल.

"घेऊन उपयोग हाय का पण?" शिल्पानं विचारलं. "आत्याबाईला समोरचं माणूस वळखू येईना."

हे काही खोटं नव्हतं. म्हणून लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना तो आईला टीव्हीच्या दुकानात घेऊन गेला. तिला दिसलं तरच घ्यायचा, असं त्यानं ठरवलं. कुठं आलोय हे तिला सांगायचं काही त्याला सुचलं नाही. डोळ्यांत औषध घातलेल्या आईला त्यानं खुर्चीत बसवलं, एवढंच.

मग दुकानदाराला बाजूला नेऊन माहूरच्या देवीचं सांगितलं. शेषेराव बोलका गडी. "साध्या टीव्हीत गर्दी दिसती, ह्यात गर्दीतली माणसं दिसतात," तो म्हणाला, आणि त्यानं मोबाईलमधला माहूरचा व्हिडिओ भल्यामोठ्या पडद्यावर लावला. देवीचा मुखवटा पडदाभर उजळला. मळवट, नथ, मुखातला विडा. घंटा वाजू लागल्या.

साखराबाई कुणाचाही हात न धरता उठली. कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढून पडद्यापाशी गेली, बोट टेकवलं, मग कपाळही टेकवलं. टीव्ही डगमगला.

"ओ मावशी! पडदा फुटंल!" शेषेराव ओरडला.

गिऱ्हाईकं वळून बघू लागली. वैजनाथचं डोकं फिरलं. त्यानं आईला दंडाला धरून मागं ओढलं, तशी डबी खाली पडली. "अक्कल हाय का तुला? घर हाय का हे?"

साखराबाई बावरली. बोटावरचं कुंकू तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"हे माहूर न्हाई व्हय?" तिनं हळूच विचारलं. "घंटा वाजल्या. देवी एवढी मोठी दिसली. मला वाटलं, आणलंस बाबा एकदाचं."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. वैजनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेषेराव फडक्यानं पडदा पुसत होता. नुकसान काही नाही हे पाहून त्याचा आवाज खाली आला. "दिसलं की मावशीला. बांधू का मग?"

"राहू द्या."

वैजनाथनं फरशीवरची डबी उचलली, झाकण घट्ट लावून आईच्या पिशवीत ठेवली. मग शिल्पाला फोन लावला.

"आम्ही आज घरी येत न्हाई. जीप करून माहूरला चाललोय."

"आन तिथल्या पायऱ्या?"

"पाठीवर घेतो."