कागदावरचा देवचौक

सातपूरच्या समाजमंदिरात २००३ साली दर रविवारी सकाळी म्हाताऱ्यांचा चित्रकलेचा वर्ग भरे. नियम एकच: एकट्याने यायचं नाही, नातवंडाला बरोबर आणायचं आणि दोघांनी मिळून एकच कागद रंगवायचा. म्हाताऱ्यांनी चार माणसांत मिसळावं म्हणून वर्ग घेणाऱ्या मीनाताईंनी हा खटाटोप मांडला होता. कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर काढलेले एक आजोबा नातीच्या मदतीने मोर काढत आणि दर वेळी त्याची कोंबडी होई. मग सगळा वर्ग खो खो हसे.

चिमणाबाई मात्र पहिले दोन रविवार भिंतीला पाठ लावून बसून राहिली. पेठकडच्या पाड्यावरची ही वारली बाई नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आली होती. एके काळी तिच्याशिवाय पाड्यावर लग्न लागत नसे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढायचा, त्यात पालघट देवी बसवायची, मगच लग्न. पण चौक काढायचा तो सवाशिणींनीच. नवरा तापाने गेला आणि चिमणाबाईचा हात एका दिवसात बाद झाला. नवऱ्याच्या तापात तिच्या हाताचा काय गुन्हा, हे तेरा वर्षांत कुणी विचारलं नाही. तिनेही नाही.

विचारलं ते नातीने, पूजाने. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. "माझ्या लग्नाचा चौक तूच काढायचास, आजी."

"येडी का खुळी? मी सवाशीण हाय का? बाधा व्हईल तुझ्या संसाराला."

"भिंतीवर नको काढू. भाड्याच्या खोलीत घरमालक कुठे सारवू देतोय? कागदावर काढ. कागदाला काय कळतंय?"

चिमणाबाई हसली, आणि तिथेच फसली.

पुढचे सात रविवार पूजाने पिठाची वाटी धरली आणि आजीने बांबूची काडी चावून मऊ करून रेघा ओढल्या. पहिल्या रेघा वाकड्या गेल्या, मग सरळ येऊ लागल्या. घरी तिला "जेवलीस का" यापलीकडे कुणी काही विचारत नसे. इथे तिची जीभही सुटली. स्वतःच्या लग्नात ती कशी रुसली होती, सासूने तिला रेघ कशी शिकवली, सगळं तिने नातीला सांगितलं. शेवटच्या रविवारी चौकात देवी उभी राहिली, तेव्हा लेथवाल्या आजोबांनी हात जोडले. पूजाने आजीला घट्ट मिठी मारली. इतकी सुखी चिमणाबाई कैक वर्षांत झाली नव्हती.

लग्नाच्या दिवशी चौक मांडवात लावला. नवऱ्या मुलाची आत्या, सुरगाण्याची बायडाबाई, अगदी जवळ जाऊन निरखू लागली. "देवी लय ग्वाड हाय. कोन्या सवाशिणीनं काढली?"

चिमणाबाईने पूजाकडे पाहिलं. पोरगी सांगेल, माझ्या आजीने काढली म्हणून, याची तिला खात्री होती. पूजाने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"वर्गातल्या मीनाताई मॅडमनी," ती म्हणाली.

बायडाबाई चिमणाबाईकडे वळली. "खरं का, विहीणबाई? रेघ तर तुमच्याकडची दिसती."

"त्यांनीच काढलाय," चिमणाबाई म्हणाली. "मला कुठं काय येतंय?"

पूजाचा अडकलेला श्वास सुटला. चिमणाबाईला तो ऐकू आला आणि तिचं काळीज फाटलं. लोकांनी तिचा हात काढून घेतला होता, ते तिने सोसलं होतं. पण या पोरीला तिचा हात हवा होता, यावर तिने विश्वास ठेवला होता.

चौक काढणारीचा मान असतो. बायडाबाईने आमंत्रणाला मान देऊन आलेल्या मीनाताईंना ओढून पाटावर बसवलं. मीनाताई गोंधळून काही बोलणार, तोच चिमणाबाईने लांबूनच मान हलवली: नका बोलू. त्यांना कुंकू लागलं, खणानारळाने ओटी भरली. मग पूजा पुढे आली आणि वाकून मीनाताईंच्या पाया पडली.

उठताना तिने आजीकडे पाहिलं नाही.