हसण्याची तालीम

बाईंचं नाक तिखट होतं. शाळेत मुलं त्यांना वचकून असत आणि घरात नवरा, टेलरमास्तर. संध्याकाळी खालचं दुकान बंद करून मास्तर वर आले की दारातच उभे राहायचे आणि तोंड उघडून श्वास सोडायचे. बाई हुंगायच्या, मग वाट द्यायच्या. दोघांनाही यात काही वावगं वाटेनासं झालं होतं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

मास्तरांनी दारूपायी बरंच घालवलं होतं. शेवटचा उपाय म्हणून बाईंनी त्यांना इस्पितळातल्या एका संशोधनात नेऊन बसवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या छान. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते हवंहवंसं वाटण्याचा निरोप पोहोचवतं. हे औषध निरोप स्वीकारणाऱ्या दारांनाच कडी घालतं. मग दारूची ओढ कमी होते का, ते पाहायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

"म्हणजे आमच्या वाट्याला खडूच येणार," बाई म्हणाल्या. नशिबावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मग मास्तरांची पावलं ठरेनाशी झाली. खुर्चीत बसले की उठायचे, उठले की येरझाऱ्या. शिवणयंत्र बंद असलं तरी पाय चालूच. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा. लेकीने विनोद सांगितला तरी चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे सगळं त्यांनी पूर्वी पाहिलं होतं, प्रत्येक वेळी बाटली सापडायच्या आधी.

नणंदेने फोनवर तेल ओतलं. "वहिनी, हल्ली वास न येणारीसुद्धा मिळते म्हणे."

झालं. बाईंनी बटणांचे डबे उपसले, कापडाचे तागे उलगडले, पाण्याच्या टाकीत हात घातला. काहीच हाती लागलं नाही, आणि त्यामुळे संशय वाढलाच. सापडत नाही म्हणजे लपवण्यात हुशार झालाय, हा त्यांचा हिशेब. कपाटावरची पेटी त्यांनी भरून ठेवली. आता एकदा जरी प्यायलात तर लेकीला घेऊन बहिणीकडे जाईन, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं होतं, आणि बाई बोलल्या शब्दाला जागणाऱ्या होत्या.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. लेक मैत्रिणीकडे थांबली, बाई एकट्याच आल्या. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या खोपटात दिवा लागला होता आणि पडदा ओढलेला. आत पावलांची चुळबुळ चालली होती. सापडलात, बाई मनात म्हणाल्या. राग होताच, पण खरं सांगायचं तर थोडं समाधानही होतं. त्यांनी पडदा सर्रकन ओढला.

मास्तर आरशासमोर उभे होते. दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर उचलून धरले होते. बोटं काढली की चेहरा पुन्हा पाटीसारखा कोरा.

"हे काय चाललंय?"

"तालीम." मास्तरांनी मान खाली घातली. "परवा पोरीचा नाच आहे ना. ती स्टेजवरून माझ्याकडे बघणार. मला हसताच येत नाही गं."

"आणि ह्या येरझाऱ्या?"

"पाय ऐकत नाहीत. मला वाटलं, ही तीच ओढ. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला संशोधनातून काढून टाकलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू पेटी उचलली असतीस."

बाईंनी शटर लावलं आणि त्यांना तसंच इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा कोपर वाकवून पाहिला, चालायला लावलं, रक्त तपासलं. दारूचा मागमूस नव्हता.

"ही ओढ नाही, औषधाचा त्रास आहे," त्या म्हणाल्या. "कुठली गोळी ते मला बघायची परवानगी नाही, पण खडूने चेहरा असा थिजत नाही. आपण गोळी थांबवू, हे बहुतेक ओसरेल." मग त्या बाईंकडे वळल्या. "घरात काही वेगळं दिसलं तर कळवा, असं मी तुम्हाला सांगितलं होतं."

"वेगळं काही दिसलंच नाही," बाई म्हणाल्या. "सगळं ओळखीचंच होतं."

बाहेर व्हरांड्यात त्या बाकावर टेकल्या. मास्तरांना बसवेना, ते समोर उभे राहून पाय बदलत राहिले. औषध खरं होतं, माणूसही खरं बोलत होता, आणि आपण टाकीत हात घालत बसलो. माफी कशी मागतात, ते बाईंना नीटसं माहीत नव्हतं. त्या उठल्या आणि मास्तरांच्या गालाला हात लावायला पुढे झाल्या.

बाईंचं तोंड जवळ येताना पाहून मास्तर थांबले, सरळ उभे राहिले आणि श्वास सोडला.