इच्छुकांनी यावे

दुर्गेशच्या हातात फ्लेक्सचं मशीन ज्यानं दिलं ना, त्या माणसाले मले एकदा भेटाचं आहे. लकडगंजात दुर्गेशचं दुकान. म्या त्याले कागदावर, मोठ्या अक्षरात, चष्मा लावून लिहून दिलं होतं: ‘पक्षीनिरीक्षक शालिकराम निमजे. इच्छुकांनी रविवारी सकाळी सहा वाजता गोरेवाडा तलावावर यावे. प्रथम स्मृतिदिन.’ नावाच्या आधी ‘कै.’ नव्हतं लिहिलं, काहून की शालिकभाऊची बायको वच्छलावैनी म्हणे, “ते नोको लावू. ते पाहूनच माणसं घरी बसतात.”

शालिकभाऊ विणकराच्या घरचा. बापाचा माग बंद पडला, त्यानं कचेरीत कारकुनी केली अन् चाळीस वर्ष पाखरांचे फोटो काढले. पण फोटोपेक्षा जास्त त्यानं माणसं घराबाहेर काढली. त्यातला मी एक.

धंतोलीत माझं औषधाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकावर खेकसणं हा माझा स्वभाव, लपवून कायले ठेवू? शालिकभाऊ एकदा बीपीच्या गोळ्या घ्याले आला अन् मलेच म्हणे, “गोळ्याची गरज तुले जास्त आहे गा संजीव. रविवारी चल.” गेलो. तिथं एक टिबुकली, बुड्या मारणारं पाखरू, पाण्यात शिरली, ते वर येईचना. मी बोंबललो, “अबे बुडली! बुडली ते!” तलावावरचे सारे पाखरं भुर्र. तीन महिने ज्या फोटोसाठी तो टपून बसला होता, तो फोटो गेला. मले वाटलं आता देतो एक कानाखाली. तो पोट धरून हसला. म्हणे, “पहिल्यांदा तू गिऱ्हाईक सोडून दुसऱ्या कशासाठी ओरडला!” त्या दिवसापासून मी त्याचा.

तो गेला अन् रविवारची फेरी आटत आटत माझ्या एकट्यावर आली. वैनीचा भाचा अनिश पुण्याहून शालिकभाऊचा कॅमेरा मागून राहिला होता. वैनी मले म्हणे, “संजीवभाऊ, वर्षश्राद्धाले तलावावर माणसं आली तं कॅमेरा तुमच्याजवळ राहीन, फेरी चालू राहीन. नाही आली तं म्या समजीन, लोकं त्याईले विसरले. मग अनिश घेऊन जाईन.”

म्या छाती ठोकून म्हटलं, “बम गर्दी होईन वैनी.” अन् घरी जाऊन दोन रात्री झोपलो नाही.

रविवारी पोहोचलो तं बाप्पा! गाड्यांची रांग, हार, शाली, नारळं, अन् वरून ढोल. दोनशे माणूस तं असनच. वैनी गळ्यात कॅमेरा अडकवून उभी होती, तिचा चेहरा असा फुलला होता का विचारू नका. मले भरून आलं. म्हटलं शालिकभाऊ, पाहून राहिला ना गा?

तेवढ्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यातले एक गृहस्थ काखेत फाईल घेऊन आले. नाव सांगितलं नत्थूजी. हळूच म्हणे, “साहेब कुठं उतरले?”

“कोणते साहेब?”

“निमजे साहेब. पक्षनिरीक्षक.”

म्या मान वर करून फ्लेक्स पहिल्यांदा नीट वाचला. एक दीर्घ वेलांटी! तेवढीच खाल्ली दुर्गेशनं, अन् असेच फ्लेक्स त्यानं शहरभर लावले होते. अन् खालची ‘प्रथम स्मृतिदिन’ची ओळ बांबूले गुंडाळून टाकली. वरून महापालिकेच्या तिकिटाचे दिवस. पक्षनिरीक्षक आले, इच्छुकांनी यावे! शहरातले झाडून सारे इच्छुक हजर होते.

मी नत्थूजीले अडवतो तोवर ते वैनीपाशी पोहोचले.

“ताई, तिकिटाचं कसं आहे?”

“तिकीट कायले?” वैनी म्हणे. “फुकट आहे.”

“सगळ्याईले?”

“सगळ्याईले. फक्त पहाटे उठावं लागते, तोंड बंद ठेवावं लागते. अन् हे पांढरे कपडे चालत नाही. जवळच येऊ देत नाहीत.”

नत्थूजीचा चेहरा उतरला. “साहेब?”

“बगळे.”

तिकडं ढोल सुरू झाला. पाण्यावरचे पाखरं उडाले अन् माझं डोकं फिरलं. “बंद करा बे ते!” मी ओरडलो. “पक्ष नाही, पक्षी! पक्षी पाहाचा तो! अन् त्याले जाऊन वर्ष झालं!”

ढोल थांबला. मग गाड्या सुरू झाल्या. शाली जशा आल्या तशा परत गेल्या, एकानं तं वैनीच्या पायाजवळ ठेवलेला नारळही उचलून नेला. माझी जीभ हासडून टाकावी वाटली. दहा मिनिटं चूप बसलो असतो तं का बिघडत होतं? वैनीनं सारं पाहिलं होतं.

“किती राहिले?” तिनं विचारलं.

म्या वळून पाहिलं. दोन ढोलवाले माझ्या दुर्बिणीसाठी भांडून राहिले होते. नत्थूजीचा ड्रायव्हर खंड्यावर नजर लावून बसला होता, गाडी काढाले तयार नव्हता, म्हणून नत्थूजीही होते. बाकी असेच काही, चहाच्या आशेनं थांबलेले.

“अकरा,” म्या खाली पाहून म्हटलं. “ढोलवाले धरून.”

“अकरा?” वैनी पाहतच राहिली. “अवं माय! ते घरी येऊन म्हणत, आज लय गर्दी होती वं वच्छला. म्या विचारो, किती? तं म्हणत, चार.”

अन् ते बाई रडली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मग पदरानं डोळे पुसले, कॅमेरा काढला अन् माझ्या गळ्यात टाकला. तो माझ्या पार पोटाखाली लोंबला.

“पट्टा छोटा करून घेजा,” वैनी म्हणे. “ते तुमच्यापेक्षा उंच होते.”

अन् म्या, जिंदगीत कोणाचं एक ऐकून न घेतलेल्या माणसानं, म्हटलं, “हाव वैनी. होतेच.”