मधला माणूस

होडीत पाय ठेवण्याआधीच मी विलिवेला म्हटलं, "विचार त्याला, आजच जायला हवं का?"

'तो' म्हणजे मला बेटावर न्यायला आलेला माझा पाठचा भाऊ सेमिसी. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून तो इंजिनात तेल ओतत होता. माझं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी विलिवे त्याच्याकडे वळला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "सेमिसी, सुवाच्या बाईसाहेब विचारतायत, आजच बुडायचं की उद्या?"

"तिला सांग," सेमिसी माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या याहून वाईट असेल. आणि बाबा वाट बघतायत."

आमच्या बेटावर सख्खे बहीणभाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं; तो मान असतो. काही सांगायचंच असेल तर मध्ये तिसरं माणूस लागतं, आणि आमच्या मधला माणूस म्हणजे आतेभाऊ विलिवे. आतेमामेभावंडांचं मात्र उलट. त्यांनी एकमेकांची थट्टा करायलाच हवी, नाही केली तर लोक विचारतात, काही बिनसलंय का.

बहीणभावाचा हा नेम जो आधी मोडेल त्याच्या मुलाच्या अंगावर येतं, असं आमच्याकडे मानतात. ताप येतो, अंगभर फोड येतात, कधीकधी मूल हाती लागत नाही. सुवा शहरात दवाखान्यात नोकरी लागल्यावर मी या गोष्टीला हसायची. इसिकेली झाल्यापासून हसत नाही.

त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पहिलं मूल आईच्या माहेरी नेऊन त्याचं तोंड दाखवायचं असतं. कोरड्या दिवसांतच नेणार होते, पण तेव्हा त्याला खोकला झाला, मग नवऱ्याला रजा मिळेना, आणि बघता बघता जानेवारी उजाडला. जानेवारीत आमच्याकडे वादळं होतात, शहाणा माणूस समुद्रावर जात नाही. पण बाबांच्या पायांवरची सूज वर चढत चालली होती आणि ते रोज एकच विचारत होते, पोराला कधी आणतेय.

"आसे, माझ्याशी लग्न केलं असतंस," विलिवे मला हात देत म्हणाला, "तर घरबसल्या तोंड दाखवून झालं असतं."

"तुझं तोंड आधी बघवतं का कोणाला!" मी म्हटलं.

पाठमोरा सेमिसी हसल्याचं त्याच्या खांद्यांवरून कळलं.

विलिवे होडीच्या पुढच्या टोकाला बसला. मधोमध ताडपत्रीखाली मी, चटयांच्या गुंडाळ्या, मानाच्या पेयासाठी भेट द्यायची यांगोनाच्या मुळ्यांची जुडी आणि छातीशी कापडाने बांधलेला इसिकेली. माझी पाठ सेमिसीकडे. तो अगदी मागे, इंजिनाचा दांडा धरून. आमच्या बेटाभोवती प्रवाळाचे खडक आहेत आणि आत शिरायला एकच अरुंद खिंड. पुढे खडक दिसला की विलिवेने हात करून ओरडायचं, आणि तो गप्प आहे तोवर सेमिसीने होडी सरळ न्यायची. दोघं लहानपणापासून असेच मासे मारायला जायचे.

अर्ध्या वाटेत पावसाने गाठलं. नुसता पाऊस असता तर काही नव्हतं, आम्ही पावसातच वाढलो. पण वारा फिरला आणि समुद्र दोन्ही बाजूंनी उसळायला लागला. बेट दिसेनासं झालं. मग विलिवेची पाठही धुरकट झाली. ताडपत्री फडफडत होती, तिच्या कडेवरून पाण्याच्या धारा माझ्या मांडीवर पडत होत्या. इसिकेली आधी रडला आणि मग एकदम गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं मला जास्त घाबरवून गेलं. मी सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होते. एकीकडे स्वतःला शिव्या घालत होते. आठ महिन्यांचं पोर घेऊन या दिवसांत कोणती आई निघते?

लांबून खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा घुमणारा आवाज यायला लागला. नीट दिसावं म्हणून विलिवे उभा राहिला. एका हाताने दोर धरला होता, दुसरा डोळ्यांवर. तेवढ्यात बाजूने लाट आली. होडी आडवी झाली, तेलाचा रिकामा कॅन उडाला, माझं डोकं फळीवर आपटलं. होडी सरळ झाली तेव्हा पुढचं टोक रिकामं होतं. तो साधा ओरडलासुद्धा नव्हता.

मी काय केलं असेल? हसू नका. मी जोरात म्हणाले, "विलिवे, त्याला सांग, विलिवे पडला!"

इतक्या वर्षांची सवय. जीभ आपली त्याच वाटेने गेली.

मग मी इसिकेलीच्या कानाशी ओरडले, "बाळा, मामाला सांग, थांब म्हणावं! थांब!" इसिकेली माझ्याकडे बघत राहिला. इंजिन चालूच होतं. पुढून हाक येत नव्हती, म्हणजे सेमिसीच्या हिशेबाने सगळं ठीक होतं. ताडपत्रीच्या आडून त्याला काही दिसत नव्हतं आणि होडी सरळ, त्या आवाजाच्या दिशेने चालली होती.

बोलले तर या पोराचं काय होईल? नाही बोलले तर विलिवे गेलाच, आणि थोड्या वेळाने आम्हीही. सगळं कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

ताडपत्री वर करून मी मागे वळले. "सेमिसी!"

त्याने ऐकलं. ऐकलं हे मला नक्की कळलं, कारण त्याने मान खाली घातली आणि तोंड समुद्राकडे वळवलं. शहाणा भाऊ! बहीण घाबरून मर्यादा सोडतेय, पण आपण सोडायची नाही. असा भाऊ असावा म्हणून गावात त्याचं कौतुक व्हायचं.

माझं टाळकंच फिरलं. पोराला एका हाताने दाबून धरत मी चटयांवरून सरपटत मागे गेले आणि त्याच्या थोबाडीत मारली.

"इंजिन बंद कर, गाढवा! विलिवे पाण्यात पडलाय! पुढे खडक आहेत!"

त्याने इंजिन बंद केलं. आता फक्त पाऊस ऐकू येत होता आणि खडकांचा आवाज, केवढा तरी जवळ. सेमिसीचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याकडे बघत होता. सरळ डोळ्यांत.

"ताई," तो म्हणाला, "कुठे? कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. मागे. बराच मागे."

मी पुढच्या टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसले. सेमिसीने इंजिन पुन्हा सुरू करून होडी हळूहळू वळवली. "डावीकडे घे! अजून! नाही, तो फेस आहे!" मी ओरडत होते आणि तो मागून विचारत होता, "आता? आता काय दिसतंय?" काही दिसत नव्हतं. एकदा तिथून गेलो, परत वळलो. मी विलिवेला हाका मारत होते आणि मनात म्हणत होते, आता त्याच्या आईला काय सांगू. तिसऱ्या फेरीला कॅनचा पिवळा रंग दिसला आणि त्याला मिठी मारलेला विलिवे.

सेमिसीने त्याला काखेत धरून वर ओढलं. खूप वेळ तो नुसतं पाणी ओकत होता. मग डोळे उघडून त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सेमिसीकडे.

"तुम्ही दोघं बोलताय," तो कसाबसा म्हणाला, "म्हणजे मी मेलोच."

हसता हसता मी रडायला लागले. पण त्याला बसवतही नव्हतं, दात वाजत होते. त्याला चटईत गुंडाळून तळाशी निजवलं. खिंड तर अजून पार करायची होती. त्याच्या जागी मीच बसले आणि ओरडत राहिले, "उजवीकडे, सेमिसी! सरळ! आता सरळ!" त्या ओरडण्याच्या नादात सगळं गाव किनाऱ्यावर येऊन उभं आहे हे आम्हाला खिंडीतून आत शिरल्यावर दिसलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

कोणीही पुढे होऊन आमचं स्वागत केलं नाही. दोघंतिघं पाण्यात उतरले, विलिवेला उचलून घेऊन गेले. होड्यांच्या छपराखाली बाबा खुर्चीत बसले होते, पाय बाकावर ठेवून. त्यांचे पाय बघून मला भडभडून आलं. पण त्यांनी आधी नातवाकडे बघितलं नाही.

"आधी कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"मी," सेमिसी म्हणाला.

त्याची बायको मेरेओनी बाजूलाच होती. तिच्या फ्रॉकला धरून त्यांची लोसालिनी उभी होती, चार वर्षांची, अंगठा तोंडात. मेरेओनीने तिला उचललं आणि पोटाशी धरलं. तिच्या डोळ्यांत तीच भीती होती, जी होडीत माझ्या पोटात होती. मी गप्प बसले असते तर ती भीती तिच्या घरी राहायला गेली असती आणि माझं पोर सुटलं असतं. क्षणभर मला तेच हवं होतं.

"खोटं बोलू नकोस, सेमिसी," मी म्हणाले. सगळ्यांसमोर, त्याच्याकडे बघून. "बाबा, आधी मी बोलले. हा तर मान खाली घालून बसला होता. मी मारलं त्याला."

बायकांमधून कोणीतरी देवाचं नाव घेतलं. बाबांनी डोळे मिटले. इसिकेलीला मी इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला, आणि मला वाटलं, झालं, सुरू झालं.

मेरेओनी पुढे आली. तिने आधी सेमिसीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोघंही मीच म्हणतायत," ती म्हणाली. "मग जे काय यायचं ते घराघरात कशाला वाटायचं? ताई, पोराला घेऊन आमच्याकडेच चला. ओलं झालंय."

तिने इसिकेलीला कोरडं केलं, लोसालिनीचा जुना सदरा घातला. दोन्ही पोरांना एकाच चटईवर निजवलं. दार लावून घेतलं तरी पाऊस आत येत होता. चटईच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला मी, आणि आम्ही आळीपाळीने दोघांच्या कपाळावर हात ठेवून बघत राहिलो, कोणाचं अंग गरम होतंय ते.