व्याह्यांसाठी आणलेला जार

अमेरिकेतल्या मिनेसोटाहून व्याही येणार म्हटल्यावर मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरच्या ओब्दुलियाबाईने भिंतींना रंग दिला, पडदे धुतले आणि स्वयंपाकघरात पाण्याचा वीस लिटरचा जार आणून बसवला. ती स्वतः साठ वर्षं नळाचंच पाणी पीत आली होती आणि तिच्या पोटाने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण परदेशी पोटं नाजूक असतात, हे तिला ऐकून माहीत होतं.

व्याही हार्लन म्हणजे उंच, लाजरे, निवृत्त गृहस्थ. त्यांची लेक क्रिस्टा ओब्दुलियाच्या भाच्याला, होआकिनला दिलेली, आणि लग्न प्वेब्लातच व्हायचं होतं. होआकिनला आई नव्हती. ओब्दुलियानेच त्याला वाढवलं, म्हणून विहिणीचा मान तिचा. हार्लन यांच्या डॉक्टरने निघताना दोन पानी यादी दिली होती: बर्फ नको, कच्ची पानं नकोत, दुसऱ्याने चिरलेलं फळ नको. ते ती पोथीसारखी पाळत. दातसुद्धा जारच्या पाण्याने घासत. वसंतात त्यांनी गुडघा बदलून घेतला होता, तोही एवढ्यासाठीच की चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत लेकीला हाताला धरून नेता यावं. रोज संध्याकाळी ओसरीत त्या चालण्याची तालीम होई, आणि नवरीच्या जागी ओब्दुलिया.

"मावशी, नवरी आहेस, जरा लाज की!" होआकिन ओरडे.

"लाजून बघितलंय एकदा. पदरी तुझे काका पडले."

लग्नाला दोन दिवस असताना जार संपला. कुठल्याशा मोर्चाने रस्ते अडवलेले, त्यामुळे जारवाला फिरकला नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानाने फळ्या लावून घेतलेल्या. उकळावं तर चारही शेगड्यांवर दोनशे पानांच्या मोलेची, म्हणजे लग्नातल्या मिरचीच्या दाट रश्श्याची, पातेली रटरटत होती. आणि दारात व्याही रिकामा पेला घेऊन उभे. घरात पाणी नाही, असं पाहुण्याला सांगायचं? प्वेब्लात? त्यापेक्षा जमीन दुभंगलेली बरी.

"पाच मिनिटं," ओब्दुलियाने बोटांनी दाखवलं. जार मागल्या अंगणात नेला, नळाखाली भरला, बाहेरून फडक्याने लख्ख पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. व्याह्यांनी उभ्या उभ्या दोन पेले रिचवले आणि त्यांना येत असलेल्या चार स्पॅनिश शब्दांपैकी एक उच्चारून तिचे आभार मानले.

त्याच संध्याकाळी समोरच्या टाकोच्या गाडीवरच्या ताचोने त्यांना हाक मारली. "या हो पाव्हणं! ती यादी घाला खिशात. मेलात तर माझ्या खर्चाने पुरतो, बॅण्ड लावून!" कुणीतरी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. व्याही हसले आणि माणसाचा मान राखायला एक टाको खाल्ला. एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झाले. औषधाच्या दुकानाशेजारचा डॉक्टर घरी आला, सलाईन लावली.

"बाहेरचं काय खाल्लं?"

"टाको," क्रिस्टा म्हणाली. "समोरचा."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. पलीकडे ताचो शीळ घालत कांदा चिरत होता. ओब्दुलियाचीही मान वळली. खरं म्हणजे सगळ्यांच्या आधी तिचीच.

"आणि पाणी?"

"पाण्याचा प्रश्नच नाही, डॉक्टर," क्रिस्टाच म्हणाली. "मावशींनी खास जार आणलाय."

ओब्दुलिया उठली आणि तो खास जार जिरेनियमच्या कुंड्यांत रिकामा करून आली.

लग्नाच्या सकाळी व्याह्यांनी सूट मागितला. अंगात चढवला, पलंगावरून उठले, आणि तिसऱ्या पावलाला होआकिनच्या खांद्यावर कोसळले. गुडघा शाबूत होता. बाकी माणसातच त्राण उरलं नव्हतं.

ताचो मागच्या दाराने आला, टोपी हातात. "बाई, पंचवीस वर्षं गाडी लावतोय. हात धुतल्याशिवाय तव्याला शिवलो नाही. पण सगळी गल्ली म्हणते, माझ्यामुळेच. असेल का हो?"

आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं. वाटलं, आणि तोंडातून निघालं, "असेल."

ताचो लग्नाला आला नाही.

चर्चमध्ये ओब्दुलियाने होआकिनला वेदीपर्यंत नेलं आणि ती पहिल्या बाकाशी उभी राहिली. मग दार उघडलं. क्रिस्टा एकटीच आली. पण मधोमध चालली नाही. एका कडेने, शेजारी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, नव्या गुडघ्याला झेपेल अशा बेताने सावकाश येत राहिली. लोक म्हणाले, किती डौलाने चालते पोर! ओब्दुलियाने हातातल्या रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

निघायच्या दिवशी व्याही गालफडं बसलेल्या चेहऱ्याने हसत पुढे आले. तिचे दोन्ही हात धरून बरंच काही बोलले. "बाबा म्हणतात," क्रिस्टाने सांगितलं, "चूक त्यांचीच. तुमच्या उंबऱ्याबाहेर खायला जायलाच नको होतं. या शहरात त्यांना एका तुमच्याच घरात सुरक्षित वाटलं."

ओब्दुलियाने तीन दिवस एक वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं, नळापासून सुरू होणारं. क्रिस्टा ते इंग्रजीत न्यायला तयार उभी होती. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तोही दोनदाच, घाई नसल्यासारखा.

"पुन्हा या," ओब्दुलिया म्हणाली.

क्रिस्टाने त्याचं इंग्रजी केलं. ते दोन शब्दांपेक्षा बरंच लांबलं, आणि ऐकता ऐकता व्याह्यांचे डोळे भरून आले. पोरीने आपल्या मनाने काहीतरी चांगलं घातलं असावं.